चौदा लाल टाके

शाहूपुरीत मी ज्यांच्याकडे चार वर्षं भाड्यानं राहिले, त्या बाई माणसाची पारख त्याच्या दोरीवरच्या कपड्यांवरून करायच्या. गाव, पगार, पत्रिका यातलं त्यांना काही लागायचं नाही. खोली बघायला गेले तेव्हा माझ्याबरोबर वडील होते. त्यांना बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मला उभं ठेवून माझ्या कुडत्याची बाही उलटी केली. आतली शिवण डोळ्यांजवळ नेऊन बघितली.

"पिळून वाळत घालतीस न्हवं?"

"व्हय."

"हितं चालणार न्हाय. निथळत घालायचं. पाणी आपलं आपण गळतंय की. त्येला कुठं एस्टी गाठायची हाय?"

जिना उतरताना वडिलांनी डोक्याजवळ बोट फिरवून दाखवलं. पण खोली हवेशीर होती, माझं ऑफिस चालत पाच मिनिटांवर होतं आणि बिद्रीच्या अलीकडच्या आमच्या गावाहून रोज ये-जा करून मी कंटाळले होते. दोन दिवसांत मी सामान घेऊन आले.

बाईंचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांना स्वतःलाही त्याचं फारसं कौतुक नव्हतं. "बाई म्हटलं की वळून बघतो मी, मग आणि नाव कशाला?" असं त्या म्हणायच्या. मुलींच्या शाळेत जन्मभर शिवण शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. शाळेत म्हणे पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायच्या, घरात मात्र अस्सल कोल्हापुरी. कारण विचारलं तर सांगायच्या, "शुद्ध बोलायचा पगार मिळत हुता. पेन्शनीत त्ये बसत न्हाय."

इमारतीत खाली मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. वर गॅलरीच्या एका टोकाला बाई, मध्ये मी आणि दुसऱ्या टोकाला मुमताजभाभी. गॅलरीभर एकच लांब दोरी होती आणि त्या दोरीवर बाईंचं राज्य होतं. कपडा उलटा करून वाळत घालायचा, बटणं लावून घालायचा, चिमटा शिवणीवर लावायचा, रंगीत कापड सावलीत. एकदा घातला म्हणजे कपडा मळला असं नाही. घामाला पाणी पुरतं, डागाला साबण लागतो आणि दोन्ही नसेल तर नुसता वारा द्यायचा. मी रोजचा कपडा रोज साबणात बुचकळते हे बघून त्या हळहळायच्या. "कापड वापरून फाटत न्हाय, धुऊन धुऊन फाटतंय. तुला कुणी दिवसातनं तीनदा घासलं तर तू तरी किती टिकशील?"

मला राग यायचा. चोविसाव्या वर्षी कुणी आपल्या परकरावर टीका करावी, तीही गॅलरीतून, खालच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात, हे कुणाला आवडेल? एकदा मी चिडून दोन दिवस कपडे खोलीतच वाळवले. तिसऱ्या दिवशी बाईंनी दार वाजवलं आणि आत न येता नुसता वास घेतला. "कुबट याय लागलंय," म्हणाल्या आणि गेल्या. मी मुकाट्यानं बादली उचलून बाहेर आणली.

बाईंच्या पर्समध्ये काडेपेटी असायची. कापड घ्यायला निघाल्या की दुकानदारांची गाळण उडायची. आधी त्या कापडाचा बोळा मुठीत दाबून धरायच्या आणि सोडल्यावर सुरकुत्या बघायच्या. मग उजेडासमोर धरायच्या. एवढ्यानं समाधान झालं नाही तर कडेचा एक धागा मागून घ्यायच्या आणि काडी ओढून तो जाळायच्या. सुती धागा असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख होते, नायलॉन-पॉलिस्टर असेल तर वितळून गोळी होते. एकदा मीच त्यांना एका मोठ्या दुकानात घेऊन गेले. सेल्समन शपथेवर सांगत होता, प्युअर कॉटन आहे, प्युअर कॉटन. बाईंनी धागा जाळला आणि बोटावर घेऊन भर दुकानात त्याच्या नाकासमोर धरला.

"पावणं, ह्येचा तर मणी झाला की! मंगळसूत्रात ओवू व्हय?"

सगळं दुकान हसलं. मी मात्र शरमेनं लाल झाले होते, कारण तोच ड्रेस मी आधीच्या आठवड्यात घेतला होता.

ऑनलाइन मागवलेलं पार्सल त्या घरात येऊ द्यायच्या नाहीत. दारातच उघडायला लावायच्या. त्याआधी एक विधी असायचा. मला खोलीत पाठवून कपाट उघडायला लावायच्या आणि बाहेरून ओरडायच्या, "इचार आतल्या कापडांस्नी, नवी येतीया, जागा हाय का म्हणून!" मी कपाटासमोर उभी राहून खरंच विचारायची. काय करणार? पण त्या उघड्या कपाटापुढं दोन मिनिटं उभं राहिलं की तसाच एक निळा कुडता खाली दबलेला दिसायचा आणि पार्सल परत जायचं. बाईंच्या स्वतःच्या आठ साड्या होत्या. आठवड्याचे सात वार आणि आठवी सणाची. सगळ्या सुती.

त्या आठही साड्यांना एक खूण होती. पदराच्या शेवटच्या कोपऱ्यात, आतल्या अंगाला, बारीक लाल टाके. दर गुढीपाडव्याला गुढी उभारून झाली की बाई सुई-दोरा घेऊन बसायच्या आणि घरातल्या प्रत्येक कापडाला एकेक टाका घालायच्या. उशीच्या अभ्र्यापासून पांघरायच्या वाकळेपर्यंत. जितके टाके, तितकी त्याची वर्षं. जुने टाके फिकट गुलाबी होत गेलेले आणि ताजा लालभडक, त्यामुळं कोपरा उलटला की कापडाचं वय बोटानं मोजता यायचं. "माणसाचा वाढदिवस करतासा, केक कापतासा," त्या म्हणायच्या. "ज्यानं जलमभर अंग झाकलं त्याला एक टाका घालाय काय हुतंय?"

आहेराच्या ब्लाउजपीसवर त्यांचा विशेष राग. कुणीही न शिवता, घडीही न मोडता, या लग्नातून त्या बारशात फिरत राहणारं ते कापड. एकदा त्यांनी अशाच एका चकचकीत पीसच्या कोपऱ्यात लाल टाका घालून तो भाचीच्या ओटीत दिला. काही वर्षांनी तोच पीस, तीच घडी, दुसऱ्याच कुणाच्या हळदीकुंकवात त्यांच्या हातात आला. बाई तो मला दाखवताना खो खो हसल्या. "गाव फिरून आला बघ! कुणाच्या अंगाला लागला न्हाय बिचारा. बिनलग्नाचाच ऱ्हायला, माझ्यागत."

त्यांच्याकडून मी काही शिकलेच नाही असं नाही. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर पन्हाळ्याला गेलतो, तिथं तटाजवळच्या काटेरी झुडपात माझा आवडता कुडता टरकन फाटला. मी तो टाकून देणार होते. बाईंनी रविवारचा अख्खा दिवस मला समोर बसवलं. "रीळ नको आणू. ह्येच्याच पोटातला धागा काढ," म्हणाल्या. खालच्या दुमडीतून त्याच कापडाचे धागे ओढून काढून, त्यांनीच ती जागा उभी-आडवी विणून घ्यायची. मी चार वेळा चुकले, चारही वेळा त्यांनी उसवायला लावलं. टाका वाकडा आला की त्यांचा एकच शब्द असायचा, "उसव." तो कुडता मी अजून घालते. कुठं फाटला होता ते मला शोधावं लागतं.

आणि बोहारीण. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण महिन्यातून एकदा आमच्या बोळात यायची. सगळ्या बायका तिला कपडे देऊन भांडी घ्यायच्या. आमच्या बाई भांडी देऊन कपडे घ्यायच्या. बोहारणीचं गाठोडं जिन्यात सोडायला लावायच्या, एकेक कापड चिमटीत धरून तपासायच्या आणि मऊ झालेली सुती साडी किंवा धोतर दिसलं की आतून तांब्या नाहीतर वाटी आणून द्यायच्या. त्या कापडातून वाकळा शिवायच्या, ओळखीच्यांच्या लेकरांना दुपटी शिवायच्या. भाभी चेष्टा करायच्या, "बाई, अशानं एक दिवस हातावर घेऊन जेवाल." चार वर्षांत त्यांच्या मांडणीवरची भांडी माझ्या डोळ्यांदेखत निम्मी झाली.

एकदा मला सडकून ताप आला. दुपारची वेळ होती. बाई आल्या आणि आधी माझ्या अंगावरचं गुबगुबीत ब्लँकेट ओढून काढलं. "ह्यात अंगाचा घाम जिरत न्हाय, उकडून निघशील." मग त्यांनी स्वतःची गुरुवारची हिरवी साडी चौपदरी करून माझ्यावर घातली. तपकिरी काठाची, हातमागाची, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. ती अंगावर पडली आणि मी खरंच सांगते, मला आई आठवली. कोपरा चाळवत चाळवत मी टाके मोजले. बारा होते. तापाच्या गुंगीत मी म्हटलं, "बाई, ही साडी मला द्या की."

"आत्ता न्हाय," बाई म्हणाल्या. "लगीन हुईल तवा देतो."

मी ते विसरून गेले. बाई विसरल्या नाहीत.

माझं लग्न कोल्हापुरातच झालं, सासर राजारामपुरीत. बाई कार्यालयात आल्या, पोटभर जेवल्या, शेजारणींच्या साड्यांना हात लावून बघितला आणि निघताना माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पुडा ठेवला. वर दोरा म्हणून परकराची नाडी. "सासरी सगळं नवं असतंय," म्हणाल्या. "माणसं नवी, भांडी नवी, पलंग नवा. एक तरी जुनं असू दे अंगाला. चौदा झाल्यात. पंधरावा टाका तू घाल."

दुसऱ्या दिवशी घरातल्या बायका आहेर उघडायला बसल्या. झगमगीत साड्यांच्या ढिगात ती हिरवी साडी निघाली. धुतलेली, इस्त्री केलेली, पण वापरलेली. दोघीतिघींनी एकमेकींकडे बघितलं. माझ्या सासूबाई मुळात प्रेमळ बाई. त्या नावं ठेवायच्या नाहीत. त्यांनी साडीवरून हात फिरवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "परिस्थिती बेताची हाय व्हय गं तुझ्या मालकिणीची?"

त्या हसल्या असत्या तर मी भांडले असते. पण त्यांना खरोखर कीव आली होती. आणि मी, जिनं ती साडी तोंडानं मागून घेतली होती, ती मी म्हणाले, "व्हय, तशीच हाय."

एवढंच वाक्य. पण कपाट उघडलं की ती साडी दिसायची आणि साडी दिसली की ते वाक्य ऐकू यायचं. दिवाळीच्या साफसफाईत दारावर बोहारीण आली. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, सुचवलंही नव्हतं. मी नवऱ्याच्या दोन पँटी, एक चादर आणि ती साडी काढून दिली. त्या बदल्यात एक स्टीलचा डबा आला. त्याचं झाकण नीट बसत नाही.

सातवा महिना लागला तेव्हा मी बाईंना भेटायला गेले. त्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "ती हिरवी साडी हाय न्हवं? घेऊन ये. लेकराच्या अंगाला आधी जुनं लागतंय, नवं टोचतंय त्यास्नी. झबली शिवतो, दुपटं शिवतो."

"हाय की बाई," मी म्हटलं. "कपाटात जपून ठेवलीया."

"हाय न्हवं?" त्यांनी परत विचारलं.

"हाय की."

दोन दिवस अवघडल्या अंगानं मी दुकानं पालथी घातली आणि अगदी तशीच साडी मिळवली. तोच हिरवा, तोच तपकिरी काठ, पण कोरी करकरीत. मग बाईंनी चार वर्षं जे जे करू नको म्हणून सांगितलं होतं, ते ते सगळं मी तिला केलं. कढत पाण्यात घातली, सोडा टाकला, ब्रशनं घासली, पिळली, भर उन्हात वाळवली. पाच वेळा. आणि शेवटी लाल दोरा घेऊन, टीव्ही बघत बघत, कोपऱ्यात चौदा टाके घातले. एका दुपारी चौदा वर्षं.

बाईंनी साडी हातात घेतली. मुठीत दाबली. वास घेतला. मग कोपरा उलटा केला आणि टाक्यांवरून अंगठा फिरवू लागल्या. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं, परत मागं. चौदाच्या चौदा टाके सारखेच लालभडक होते हे मला तेव्हा, त्यांच्या अंगठ्याकडं बघताना, पहिल्यांदा दिसलं. दुकानात धागा जाळून सेल्समनला घाम फोडणारी ही बाई आता काय म्हणेल याची मी वाट बघत राहिले.

"च्या घेणार न्हवं?" बाई म्हणाल्या.

त्यांनी कुकरच्या डब्यात दूध तापवलं. मला आश्चर्य वाटलं. बाकीची भांडी गेली तरी दुधाचं मोठं पातेलं त्यांच्या आईचं होतं, ते त्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मी विचारलं, "बाई, पातेलं कुठं गेलं?"

"दिलं एकीला."

मी उठले तेव्हा त्या जिन्यापर्यंत आल्या. एरवी यायच्या नाहीत. म्हणाल्या, "आणि काय सांगायचं हाय?"

"न्हाय की," मी म्हटलं आणि कठड्याला धरून खाली उतरले.

मुलगी झाली. बारशाला बाई तीन झबली, एक टोपडं आणि एक मोठं दुपटं घेऊन आल्या. कपडे इतके मऊ होते की मला वाटलं, धुण्यात बाईंचा हात कुणी धरणार नाही, दोन-तीन महिन्यांत कोरं कापड वठणीवर आणलं. मला सुटल्यासारखं झालं. आणि लाज वाटते सांगायला, पण मनात असंही आलं की बाईंची नजर गेली आता, त्यांना कळलंच नाही.

त्यानंतर माझं जाणं कमी झालं. लेक लहान आहे, ऑफिस आहे, अशी कारणं होती आणि ती खोटी नव्हती. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. फोनवर बाई लेकीचं विचारायच्या, दुपटं कसं धुतीस ते विचारायच्या, आणि फोन ठेवण्याआधी थोडं थांबायच्या. मीही थांबायची. मग कुणीतरी एक ठेवून द्यायचं.

मागच्या गणपतीनंतर मुमताजभाभींचा फोन आला. बाई दुपारच्या जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. गॅलरीतल्या दोरीवर त्यांची शेवटची धुतलेली साडी अजून होती, उलटी, सावलीत, चिमटे बरोबर शिवणीवर. भाभींनी ती काढली नव्हती.

"तुझं एक हाय माझ्याकडं," भाभी म्हणाल्या आणि त्यांनी आतून हिरवी साडी आणून माझ्या मांडीवर ठेवली.

अख्खी साडी होती. कुठंही कात्री लागली नव्हती. मी कोपरा उलटला. माझ्या चौदा टाक्यांतले तेरा उसवलेले होते, त्यांची भोकं तेवढी दिसत होती. एक ठेवला होता, पहिला, वाकडा. त्याच्या पुढं आणखी दोन टाके होते, सरळ, बाईंच्या हातचे. दोन पाडव्यांचे.

"मग झबली कशाची शिवली?" मी विचारलं. मला उत्तर कळलं होतं, तरी विचारलं.

"तुझ्याच साडीची की," भाभी म्हणाल्या. "दिवाळीनंतर बोहारीण आलती, राजारामपुरी फिरून. बाई नेहमीगत गाठोडं बघत हुत्या, मी हितंच उभी हुतो. ती साडी निघाली. उचलली, कोपरा उलटला, टाकं मोजलं. आत गेल्या आणि दुधाचं पातेलं आणून दिलं. बोहारीणच म्हणाली, आवो एवढं मोठं कशाला, वाटी बी चालंल. तर म्हणाल्या, असू दे, घे."

मी उसवलेल्या टाक्यांच्या भोकांवरून बोट फिरवलं.

"तू दुसरी आणून दिलीस तवा मी म्हटलं त्यास्नी, पोरीला सांगा तरी. तर म्हणाल्या, सातवा लागलाय, रडंल. नंतर तिची ती सांगंल." भाभींनी पदरानं तोंड पुसलं. "वाट बघत हुत्या तुझी. परवाच म्हणाल्या, मी न्हाय ऱ्हायलो तर ही तिला दे. म्हणावं, नेसून जुनी कर. कपाटात ठेवून कापड जुनं हुईत न्हाय."

घरी येऊन मी लेकीचं दुपटं काढलं. दीड वर्ष रोज हाताळलेलं, तिच्या दुधानं, लाळेनं, तेलानं भिजलेलं, पन्नासदा धुतलेलं. कडेची दुमड नखानं जराशी उचलली. आत, एका कोपऱ्यात, लाल टाके होते. पहिला जवळजवळ पांढरा, मग गुलाबी, मग लालसर. मी ते मोजले. माझी लेक पहिल्या दिवसापासून त्याच साडीत निजली होती आणि माझ्या हाताला कळलं नव्हतं.

बाईंनी जगाला तोंडावर सुनावलं. दुकानदाराला भर दुकानात, मला वडिलांदेखत आणि खालच्या गिऱ्हाइकांदेखत. एकदाच त्या गप्प बसल्या, ते माझ्यासाठी. आणि मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "बाई, मी ती दिली." चार शब्द. त्यांनी दोनदा विचारलं होतं, जिन्यापर्यंत सोडायला आल्या होत्या, दर फोनला थांबल्या होत्या.

आता ती साडी मी दर गुरुवारी नेसते. निथळत घालते, उलटी करून, सावलीत. सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी झाकण न बसणारा तो डबा उचलून माळ्यावर टाकला आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. साडी अजून अंगाला टोचते. मऊ व्हायला बरीच वर्षं जातील.

यंदाच्या पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर मी सुई-दोरा घेऊन बसले आणि कोपऱ्यात चौथा टाका घातला. वाकडा आला. उसव म्हणणारं कुणी नव्हतं.